दुभाषी बदलला तेव्हां
(नभोवाणीवरील भाषण)



२०२० सालच्या पावसाळ्यांत मीं एक नवा संगणक घेतला आणि एका स्नेह्याच्या सल्ल्यावरून त्याच प्रसंगीं माझें जुनें ‘शेल’ही बदललें. पडद्यावर अक्षरें टंकून यंत्राला आज्ञा देण्याची संवय मला पुष्कळ वर्षांची. ज्या आज्ञा रोज दिल्या त्या आतां विचार न करितां बोटांतून उतरतात. परंतु त्या सायंकाळीं पहिली आज्ञा दिली आणि यंत्रानें उत्तर दिलें, ‘कमांड नॉट फाउंड’, म्हणजे अशी आज्ञा सांपडत नाहीं. दुसरी दिली, तेव्हां ‘नो मॅचेस फाउंड’, म्हणजे जुळणारें कांहींच नाहीं. तिसरी आज्ञा मात्र निमूटपणें स्वीकारली गेली, आणि तीच पुढें मला सर्वांत महाग पडली. ती हकीकत शेवटीं सांगेन. आज्ञा त्याच, आज्ञा देणारा माणूसही तोच. मग बिघडलें काय? याचें उत्तर केवळ यंत्रशास्त्रांत शोधूं गेलें तर अर्धेंच हातीं लागतें. उरलेलें अर्धें गेल्या साठ वर्षांच्या इतिहासांत आहे, आणि तोच आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे.

प्रथम शेल या शब्दाचा उलगडा करूं. युनिक्स प्रणालीच्या अंतर्भागाला ‘कर्नल’ म्हणजे गर म्हणतात आणि त्याच्या बाहेरील आवरणाला ‘शेल’ म्हणजे कवच म्हणतात. नांव कवचाचें असलें तरी काम दुभाष्याचें आहे. जुन्या दरबारांत परक्या वकिलाचें बोलणें दुभाषी ऐके, त्याचा अर्थ लावी आणि मग तें धन्यापुढें मांडी. वकील जें बोलला तें आणि दरबाराच्या कानीं जें पडलें तें, या दोहोंच्या मध्यें दुभाष्याची समजूत उभी असे. शेलचेंही तसेंच आहे. आपण एखाद्या आज्ञेपुढें तारका टंकली, तर ती तारका त्या आज्ञेला बहुधा दिसतच नाहीं. शेल स्वतः त्या जागीं जुळणाऱ्या सर्व फायलींचीं नांवें मांडतें आणि ती यादी पुढें पाठवितें. म्हणून दुभाषी बदलला कीं शब्द तेच राहूनही अर्थ पालटूं शकतो.

ही कल्पना प्रथम सुचली लुई पूझां या फ्रेंच गृहस्थांना. १९६३-६४ च्या सुमारास ते अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत काम करीत होते. त्याच त्या आज्ञा पुनःपुन्हां टंकण्याचा त्यांना कंटाळा आला, म्हणून आज्ञांची एक मालिका फायलींत लिहून ठेवून ती एका दमांत चालविणारा ‘रनकॉम’ नांवाचा प्रोग्रॅम त्यांनीं रचला. आजही शेलच्या प्रारंभिक सूचनांच्या फायलींच्या नांवाअखेरीस ‘आर-सी’ हीं दोन अक्षरें असतात. तीं या रनकॉमचा अवशेष होत. पुढें मल्टिक्स या मोठ्या प्रणालीची आंखणी चालू असतां पूझां यांनीं आज्ञा वाचणाऱ्या भागाला शेल हें नांव दिलें, आणि १९६५ मध्यें ग्लेंडा श्रोडर यांनीं मल्टिक्सचें पहिलें शेल प्रत्यक्षांत लिहिलें.

बेल प्रयोगशाळेनें १९६९ सालीं मल्टिक्समधून अंग काढून घेतलें. त्यानंतर तेथील केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनीं युनिक्स ही लहानशी प्रणाली उभारली. १९७१ च्या तिच्या पहिल्या आवृत्तींत टॉम्प्सन यांचें शेल होतें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. युनिक्सचें शेल हा प्रणालीच्या गाभ्याचा भाग नव्हता. तो इतरांसारखाच एक साधा प्रोग्रॅम होता. दुभाषी दरबाराचा वतनदार नव्हता, नेमलेला नोकर होता. तो पसंत न पडल्यास ज्याला येईल त्यानें दुसरा आणावा. या एका निर्णयामुळें पुढें अनेक दुभाषी निर्माण झाले, आणि आज आपणांस जो त्रास होतो तोही याच स्वातंत्र्याच्या पोटीं जन्मला.

टॉम्प्सन यांचें शेल अत्यंत लहान होतें. तारका किंवा प्रश्नचिन्ह उलगडण्याचें काम तें ‘ग्लॉब’ नांवाच्या निराळ्या प्रोग्रॅमकडे सोंपवीत असे. जुळणारी एकही फाइल न मिळाल्यास हा ग्लॉब ‘नो मॅच’ एवढेंच म्हणून आज्ञा तेथेंच अडवी. १९७३ मध्यें डग्लस मॅक्इलरॉय यांच्या आग्रहावरून ‘पाइप’ आला. एका आज्ञेचें उत्तर दुसरीच्या मुखांत घालण्याची ही नळी युनिक्सचें वैशिष्ट्य ठरली. परंतु मोठा प्रोग्रॅम लिहिण्यास हें शेल अपुरें पडूं लागलें, आणि त्याची जागा घेण्यास दोन वारस पुढें आले.

पहिला वारस बेल प्रयोगशाळेंतच निपजला. स्टीफन बोर्न यांचें शेल १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडलें. बोर्न यांना अल्गोल ६८ या भाषेची आवड होती. त्या भाषेंत वाक्य ज्या शब्दानें उघडतें तोच उलटा लिहून तें बंद करितात. म्हणून बोर्न यांच्या शेलमध्यें ‘इफ’चा शेवट ‘फि’नें आणि ‘केस’चा शेवट ‘इसॅक’नें होतो. याच न्यायानें ‘डू’चा शेवट ‘ओ-डी’नें व्हावयाचा, परंतु त्या नांवाचा एक प्रोग्रॅम आधींच वापरांत असल्यामुळें तेथें ‘डन’ हा शब्द घ्यावा लागला. दुसरा वारस कॅलिफोर्नियांत, बर्कले येथील विद्यापीठांत, त्याच सुमारास जन्मला. बिल जॉय यांनीं सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वळणावर आपलें ‘सी-शेल’ लिहिलें. पूर्वीं दिलेली आज्ञा उद्गारचिन्हानें परत बोलाविणें, लांबलचक आज्ञेला टोपणनांव देणें, चालू काम क्षणभर थांबवून मागें ढकलणें, अशा सोयी या शेलमुळें लोकांच्या अंगवळणीं पडल्या.

अशा रीतीनें १९७९ च्या सुमारास एकाच घराण्याच्या दोन शाखा झाल्या, आणि त्यांच्या रीति अनेक ठिकाणीं परस्परविरुद्ध होत्या. बोर्नपंथी मनुष्य एखादी किंमत आज्ञांना कळविण्यासाठीं नांव, बरोबरचें चिन्ह व किंमत लिहून ‘एक्स्पोर्ट’ म्हणतो; सी-शेलवाला ‘सेट-एन्व्ह’ म्हणतो. एकाचा मंत्र दुसऱ्यापुढें म्हटला कीं ‘कमांड नॉट फाउंड’ हेंच उत्तर. तारकेला जुळणारी फाइल नसली तर सी-शेल टॉम्प्सन यांच्या ग्लॉबप्रमाणें आज्ञा अडवितें. बोर्न यांचें शेल मात्र ती तारका जशीच्या तशी पुढें पाठवून देतें आणि पुढचें पुढें पाहून घ्यावें म्हणतें. दोन्ही वर्तनांस कारण आहे. एक दुभाषी म्हणतो, मला अर्थ लागला नाहीं, मी बोलणार नाहीं. दुसरा म्हणतो, मला लागला नाहीं, तरी कदाचित् धन्याला लागेल. यांतला शहाणा कोण, याचा निवाडा अद्यापि झालेला नाहीं.

या दोन शाखांचा मेळ घालण्याचे प्रयत्न पुढें बरेच झाले. बेल प्रयोगशाळेंतील डेव्हिड कॉर्न यांनीं १९८३ सालीं जाहीर केलेल्या शेलनें बोर्नचें व्याकरण राखून बर्कलेच्या पुष्कळ सोयी घेतल्या. १९८९ मध्यें ब्रायन फॉक्स यांनीं लिहिलेलें ‘बॅश’ प्रसिद्ध झालें. ग्नू प्रकल्पाच्या मुक्त प्रणालीसाठीं तें लिहिलें होतें, आणि त्याच्या नांवांत ‘बोर्नचें पुनः’ व ‘पुनर्जन्म’ अशी इंग्रजी श्लेषाची गंमत आहे. लिनक्सच्या प्रसाराबरोबर तें घरोघर पोंचलें. १९९० मध्यें प्रिन्स्टन येथील पॉल फॉल्स्टॅड या विद्यार्थ्यानें कॉर्नचे गुण व सी-शेलच्या सुधारलेल्या वंशजाचे गुण एकत्र करून ‘झेड-शेल’ रचलें. झोंग शाओ या तेथील अध्यापन-साहाय्यकाच्या लॉगिन-नांवावरून त्यानें हें नांव घेतलें. १९९२ सालीं ‘पॉझिक्स’ या प्रमाणग्रंथानें शेलची एक सर्वमान्य भाषा ठरविली. ती मुख्यतः बोर्न व कॉर्न यांच्या वळणाची आहे. प्रमाणभाषा ठरली तरी बोली नाहींशा होत नाहींत, हा अनुभव आपणां मराठी जनांस नवा नाहीं. येथेंही तसेंच झालें.

आतां दोन मोठीं स्थित्यंतरें पाहूं. लिनक्सवर ‘एस-एच’ या मूळ नांवानें हांक मारली तरी बहुतेक ठिकाणीं ओ देई तें बॅशच. त्यामुळें लोक फायलीच्या माथ्यावर एस-एच लिहीत आणि आंत बॅशची खास बोली बोलत. कोणाच्या ध्यानींमनीं नसतां २००६ च्या ऑक्टोबरांत उबुंटूच्या ६.१० या आवृत्तीनें एस-एचच्या जागीं ‘डॅश’ हें लहान व चपळ शेल बसविलें. यंत्र लवकर सुरू व्हावें हा हेतु. डॅशला प्रमाणभाषेपलीकडे फारसें कांहीं कळत नाहीं. जोडचौकटी कंसांत अट लिहिली तर तें म्हणे, अशी आज्ञा सांपडत नाहीं. ‘सोर्स’ म्हटलें तरी तेंच. साध्या चौकटी कंसांत दोन बरोबरच्या चिन्हांनीं तुलना केली तर म्हणे, हें चिन्ह अनपेक्षित आहे. वर्षानुवर्षें बिनतक्रार चाललेल्या फायली एका रात्रींत चुकूं लागल्या. वस्तुतः त्या पूर्वींपासूनच चुकीच्या होत्या. उदार दुभाषी तीं स्खलनें सांभाळून घेत होता एवढेंच. २०११ मध्यें डेबियननेंही आपल्या सहाव्या आवृत्तींत हाच मार्ग धरला. या कडकपणाचा लाभही पुढें दिसला. २०१४ च्या सप्टेंबरांत बॅशमधील ‘शेलशॉक’ नांवाचें भयंकर छिद्र उघडकीस आलें. तें १९८९ पासून तेथें होतें, आणि परक्या मनुष्याला दुरून आज्ञा घुसविण्यास वाट देत होतें. जेथें एस-एचच्या जागीं डॅश बसलें होतें तेथें हा धोका पुष्कळ अंशीं कमी होता.

दुसरें स्थित्यंतर २०१९ च्या ऑक्टोबरांतलें. मॅक संगणकांवर २००३ पासून बॅश हें प्रारंभींचें शेल होतें. कॅटालिना या आवृत्तीपासून नव्या खात्यांना झेड-शेल मिळूं लागलें. जुनीं खातीं तशींच ठेविलीं, परंतु बदल करावा अशी सूचना त्यांना पडद्यावर दिसूं लागली. त्यामुळें ज्यांनीं शेल हा शब्दही कधीं मनांत आणला नव्हता अशांनासुद्धां जुन्या वंशकलहाशीं गांठ पडली.

आतां माझ्या त्या सायंकाळच्या तक्रारींकडे वळूं. ‘कमांड नॉट फाउंड’चें कारण साधें होतें. कोणत्या आज्ञा कोठें शोधाव्या हें मीं बॅशच्या आर-सी फायलींत लिहून ठेविलें होतें. झेड-शेल ती फाइल उघडीतच नाहीं, तें आपली स्वतःची वाचतें. आज्ञा यंत्रांत होती, तिचा पत्ता मात्र नव्या दुभाष्याला कोणीं दिला नव्हता. ‘नो मॅचेस फाउंड’ आलें तें एका संकेतस्थळाच्या पत्त्यांतील प्रश्नचिन्हामुळें. झेड-शेलनें त्याला फायलींच्या नांवांतलें कोणतेंही एक अक्षर समजून शोध केला, आणि कांहीं न मिळतांच ग्लॉबच्या जुन्या बाण्यानें आज्ञा अडविली. बॅशनें तें निमूट पुढें जाऊं दिलें असतें. पत्ता एकेरी अवतरणचिन्हांत घातला कीं तंटा मिटला. पन्नास वर्षांपूर्वींचा एक निर्णय माझ्या मेजावर येऊन बोलत होता.

तिसरी आज्ञा मात्र तक्रार न करणारी. रोज रात्रीं माझे लेख, पत्रें व छायाचित्रें या तीन कप्प्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरावी म्हणून मीं एक छोटीशी आज्ञामालिका रचली होती. तिन्ही कप्प्यांचीं नांवें एकाच ओळींत, मध्यें मोकळी जागा सोडून, एका चलांत ठेविलीं होतीं. बोर्नच्या परंपरेंत असा चल अवतरणचिन्हांवांचून लिहिला कीं शेल त्याचे मोकळ्या जागेवर तुकडे पाडतें. तीन नांवें तीन होतात. फॉल्स्टॅड यांच्या झेड-शेलमध्यें तुकडे पडत नाहींत. तें तिन्ही मिळून एकच लांब नांव समजतें. तशा नांवाचा कप्पा अर्थातच नव्हता. नक्कल करणारा प्रोग्रॅम रोज रात्रीं तशी तक्रारही करीत होता. परंतु ती ऐकूंच येऊं नये अशी तजवीज मीं स्वतः पूर्वीं केली होती. एका निरुपद्रवी तक्रारीला कंटाळून मीं तक्रारींची वाटच शून्याकडे वळविली होती. मालिकेची शेवटची ओळ मात्र शाबूत होती, आणि ती रोज पडद्यावर छापी, ‘काम झालें’.

या तक्रारींच्या वाटेचाही एक इतिहास आहे. युनिक्सच्या आरंभकाळीं आज्ञेचें उत्तर व तिची तक्रार एकाच प्रवाहांतून वाहत. बेल प्रयोगशाळेंत मजकूर छायाजुळणी यंत्राकडे पाठविला असतां तक्रारीही मजकुराबरोबर सुबक टाइपांत छापून येऊं लागल्या आणि महागडा कागद वायां जाऊं लागला. म्हणून तक्रारींसाठीं स्वतंत्र प्रवाह काढण्यांत आला, आणि बोर्न यांच्या शेलनें तो पाहिजे तेथें वळविण्याची सोय दिली. तक्रार माणसाच्या डोळ्यांपर्यंत खात्रीनें पोंचावी हा त्यामागचा हेतु. मीं त्याच सोयीचा उपयोग ती न पोंचावी यासाठीं केला.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत मूळ डिस्क निकामी झाली. नक्कल उघडून पाहिली तों ती जुलैंतच थांबलेली. मधल्या चार महिन्यांत मीं माझ्या आजोबांचीं मोडी पत्रें बाळबोधींत उतरून घेत होतों. ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ दूरध्वनीवरून मला अडलेले शब्द लावून देत. घाईच्या हस्ताक्षरांतलें एखादें जोडाक्षर पाहतांच त्यामागचा माणूस त्यांना दिसे. तें सर्व लिप्यंतर गेलें, आणि डिसेंबर उजाडण्यापूर्वीं ते गृहस्थही गेले. पत्रें आजही माझ्यापाशीं आहेत. अक्षरें जागच्या जागीं आहेत, शाईही पुसट झालेली नाहीं. परंतु कांहीं ओळी वाचणारा दुभाषी आतां उरलेला नाहीं.

तेव्हांपासून शेल बदललें किंवा आज्ञा चुकूं लागल्या कीं मी एका ठराविक क्रमानें चौकशी करितों. तो क्रम आपणांसही उपयोगी पडेल म्हणून सांगतों. प्रथम, बोलतें कोण हें पाहावें. तक्रारीच्या आरंभीं शेलचें नांव असेल तर ती दुभाष्याची आहे. आज्ञा धन्यापर्यंत पोंचलेलीच नाहीं. तेथें दुसऱ्या प्रोग्रॅमचें नांव असेल तर दुभाष्यानें तिला पुढें नेलें आहे, आणि नेतांना काय केलें हें तपासलें पाहिजे. दुसरें, समोर कोणतें शेल आहे याची खात्री करावी. ‘शेल’ याच नांवाचा जो चल असतो तो सामान्यतः खात्यावर नोंदलेल्या शेलचें नांव सांगतो, चालू असलेल्याचें नव्हे. डॉलर व शून्य छापून पाहिल्यास बहुधा खरें नांव कळतें. तिसरें, ‘टाइप’ या शब्दापुढें आज्ञेचें नांव लिहावें. ती टोपणनांव आहे, शेलच्या पोटांतली आहे कीं स्वतंत्र फाइल आहे, हें त्यानें उलगडतें. चौथें, बोर्नच्या वंशांत डॉलर व प्रश्नचिन्ह छापल्यास गेल्या आज्ञेचा निकाल अंकांत मिळतो: १२७ म्हणजे आज्ञा सांपडली नाहीं, १२६ म्हणजे सांपडली पण चालवितां आली नाहीं. पहिल्याचा इलाज पत्त्यांत, दुसऱ्याचा बहुधा परवानगींत.

आणि जें कायमचें लिहून ठेवावयाचें, त्याच्या पहिल्या ओळींतच दुभाष्याचें नांव घालावें. पौंडाचें चिन्ह, उद्गारचिन्ह आणि शेलचा पत्ता अशी ही ओळ असते. ही युक्ति डेनिस रिची यांनीं १९८० च्या जानेवारींत सुचविली. ती असली म्हणजे आपण उद्यां कोणतेंही शेल पत्करलें तरी ती फाइल आपल्या नेमलेल्या दुभाष्यालाच हांक मारिते. त्या जोडीला नांवें व पत्ते अवतरणचिन्हांत घालण्याची संवय ठेवावी, म्हणजे अर्ध्याअधिक बोलींचा वाद उद्भवतच नाहीं.

नवें शेल घेणें वाईट नाहीं. मी आजही झेड-शेलच वापरतों आणि त्यांत सुखी आहें. मात्र रात्रींच्या नकलेची आज्ञामालिका मीं नव्यानें लिहिली आहे. तिच्या माथ्यावर दुभाष्याचें नांव आहे, तिच्या तक्रारी आतां थेट माझ्यासमोर येतात, आणि ‘काम झालें’ ही ओळ नक्कल खरोखर उतरल्यावांचून छापली जात नाहीं. आजोबांचीं पत्रें मीं पुनः पहिल्यापासून वाचावयास घेतलीं आहेत. जेथें शब्द लागत नाहीं तेथें अंदाजानें भरणा न करितां जागा मोकळी सोडतों, आणि बाजूला लिहून ठेवितों कीं, येथें मला अर्थ लागला नाहीं.